बाथरूमच्या टाइल्समधल्या रेघा आणि खालच्या काकूंचं छत

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, जरा खाली येतेस का, आमचं छत बघ." काकू भांडणाऱ्यातल्या नाहीत, म्हणूनच जास्त पोटात गोळा आला. त्यांच्या बाथरूमच्या छताला ताटाएवढा ओला डाग, कडेने रंगाचे पोपडे, आणि मधोमध एक थेंब, पडत नव्हता, नुसता लटकून होता, स्टुलावर चढून जवळून बघितलं तर त्यात ट्यूबलाइट दिसत होती. त्याच्या वर बरोबर आमचं बाथरूम. डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला हे काही नवीन नाही, पण आपल्या घराचं पाणी दुसऱ्याच्या डोक्यावर पडतंय हे बघणं फार वाईट असतं.

त्यानंतरच्या काही महिन्यांत ग्राउट, सीलर, इपॉक्सी, सिलिकॉन हे सगळे शब्द मी मिस्त्रींकडून, हार्डवेअरवाल्याकडून आणि डब्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचून शिकले, आणि एकदा पैसे फुकट घालवूनही शिकले. सगळ्यात मोठा घोळ असा की लोक "टाइल्स सील करून घ्या" म्हणतात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काम असतं, कुणाला जॉइंट भरणं म्हणायचं असतं, कुणाला वरून केमिकल मारणं, कुणाला वॉटरप्रूफिंग. ही तीन वेगळी कामं आहेत, आणि एकाचं दुखणं दुसऱ्याने बरं होत नाही.

पहिल्यांदा ग्राउट म्हणजे काय ते बघू. दोन टाइल्सच्या मधली जी बारीक रेघ असते ती भरायचा मसाला म्हणजे ग्राउट. आपल्याकडे वर्षानुवर्षं ही रेघ व्हाइट सिमेंटने भरायची पद्धत आहे, मिस्त्री त्यात थोडा रंग टाकतो, पाण्यासारखं पातळ कालवतो आणि फडक्याने फासून देतो. कंपनीचं तयार ग्राउट वेगळं असतं, त्यात सिमेंटबरोबर बारीक भरण आणि पॉलिमर असतं म्हणजे ते धरून राहतं आणि कमी आकसतं. नुसतं व्हाइट सिमेंट सुकताना आकसतं, त्याला केसासारख्या चिरा जातात, आणि रोज बादलीने पाणी पडणाऱ्या जमिनीवर ते वर्ष-दोन वर्षांत जागोजागी उकरून निघतं. तुमच्या बाथरूमच्या जमिनीत नळाखालच्या रेघा खोल गेलेल्या असतील, नखाने ओढल्या तर पावडर निघत असेल, तर बहुतेक हेच झालेलं असतं.

आता ही रेघ असते तरी केवढी, आमचंच बाथरूम घ्या, ५ बाय ८ फूट म्हणजे ४० चौरस फूट जमीन, एक फुटी टाइल्स, तर मधल्या सगळ्या रेघा एकापुढे एक ठेवल्या तर ६७ फूट लांबी होते, आणि रेघ ३ मिलिमीटरची धरली तर सगळ्या रेघांचं मिळून क्षेत्रफळ पाऊण चौरस फूटसुद्धा भरत नाही. म्हणजे चाळीसातला एकही फूट नाही. पण पाणी खाली जाणार ते तिथूनच, कारण टाइल चांगली असेल तर तिच्यातून पाणी जवळजवळ जात नाही.

ही टाइल चांगली म्हणजे काय तेही सांगते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. टाइल किती पाणी पिते यावर तिची जात ठरते. व्हिट्रिफाइड टाइल तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही, म्हणजे १० किलो टाइल पाण्यात बुडवली तर फार तर ५० ग्रॅम पाणी. आणि भिंतीला लावायची जी हलकी चकचकीत सिरॅमिक टाइल असते ती १० टक्क्यांच्याही वर पाणी पिऊ शकते, म्हणजे १० किलोला १ किलोपेक्षा जास्त. तिची वरची चकाकी पाणी अडवते, पण मागची बाजू भाजलेल्या मातीसारखी असते, मागून पाणी मिळालं की पिते. म्हणून रेघेतून पाणी आत शिरलं की काही भिंतींवर टाइलच्या कडेने आतल्या आत सावलीसारखा ओला पट्टा दिसतो, कितीही पुसा, जात नाही, कारण तो वर नाहीच. तो दिसला की समजायचं की रेघ पाणी सोडतेय.

रेघ पाणी का सोडते? सिमेंट घट्ट व्हायला जेवढं पाणी लागतं त्यापेक्षा जास्त पाणी घालून आपण ते कालवतो, नाहीतर हाताळताच येणार नाही, आणि ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि जाताना आत डोळ्याला न दिसणारी बारीक भोकं, नळ्या ठेवून जातं. चहात बिस्किटाचं टोक बुडवलं की चहा कसा वर चढतो, तसंच पाणी त्या नळ्यांमधून ओढलं जातं, त्याला वरून दाब लागत नाही. मिस्त्रीने मसाला जितका पातळ केला तितक्या नळ्या जास्त आणि रेघ तितकी पोचट. म्हणून ग्राउट कालवताना डब्यावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घालायचं, श्रीखंडासारखं घट्ट असलं पाहिजे, ताकासारखं नाही. मी हे मिस्त्रीच्या शेजारी उभी राहून करून घेतलं, त्याला पहिल्यांदा राग आला, मग म्हणाला "ताई, बरोबर आहे, पण असं कालवलं की हात दुखतो."

पाण्याबरोबर साबण, तेल, मळ, बोअरचं पाणी असेल तर क्षार, हे सगळं पण त्याच नळ्यांत जाऊन बसतं, तिथे ओल कायम राहते आणि बुरशी धरते. काळी पडलेली रेघ म्हणजे नुसती घाण झालेली रेघ नाही, ओल धरून बसलेली रेघ आहे. आणि कधीकधी उलटं दिसतं, रेघेवर पांढरी भुकटी येते, भिंतीला लोणा लागतो तसंच, आतलं पाणी बाहेर येताना सिमेंटमधला चुना बरोबर आणतं आणि वर हवा लागून तो पांढरा होऊन बसतो.

सीलर इथे येतो. अळूचं पान आठवा. पानावर पाणी टाकलं की त्याचा मोत्यासारखा गोळा होतो आणि पान हललं की घरंगळून जातो, पान कोरडंच्या कोरडं. पान काही प्लास्टिकने मढवलेलं नसतं, त्याचा पृष्ठभागच असा असतो की पाणी त्याला चिकटत नाही. ग्राउटला मारायचा जो चांगला सीलर असतो तो हेच करतो, तो दुधाळ किंवा पारदर्शक पातळ द्रव असतो, रेघेत झिरपतो आणि त्या बारीक नळ्यांच्या आतल्या बाजूंना बसतो, नळ्या बुजत नाहीत, पण पाणी आत ओढलं जायचं थांबतं. सिलेन, सिलॉक्सेन किंवा फ्लुओरो अशी नावं डब्यावर दिसतात, ती याच जातीची. नळ्या उघड्या राहिल्यामुळे आतली थोडी ओल वाफ होऊन बाहेर पडू शकते आणि रेघेचा रंगही फारसा बदलत नाही.

दुसरी जात वरून थर देणारी असते, ॲक्रिलिक वगैरे, वार्निशसारखी चमक येते आणि काम झाल्यासारखं छान दिसतं. ती मी बाथरूमच्या जमिनीसाठी घेणार नाही. आपल्याकडे जमिनीवर बादल्या सरकतात, पाट सरकतो, कपडे घासले जातात, त्या घासण्याने थर जागोजागी निघतो, आणि मग निघालेल्या जागेतून शिरलेलं पाणी बाकीच्या थराखाली अडकतं आणि तिथे आणखी काळं पडतं. दुकानदाराला स्पष्ट विचारायचं, "आत झिरपणारा आहे का वर थर होणारा?" बहुतेकांना हा प्रश्न समजतो.

पण अळूच्या पानाचीच गोष्ट पुढे नेली तर सीलरची मर्यादाही कळते. पानावर थेंब ठरत नाही, पण तेच पान फाटलं असेल तर फाटीतून पाणी जाणारच. सीलर नळ्यांसाठी आहे, चिरांसाठी नाही. आणि पाणी साचून उभं राहिलं तर ते हळूहळू आत जातंच, सीलर त्याला उशीर लावतो, कायमचं अडवत नाही.

माझे पैसे इथेच गेले. काकूंच्या छताचं ऐकून एक जण आला, त्याच्याकडे पाठीवरचा फवारणीचा पंप होता आणि त्याने सांगितलं की तोडफोड नाही, एका दिवसात काम, सगळ्या टाइल्सवर केमिकल मारतो, गळती बंद. आम्ही हो म्हटलं, तोडफोड नको हे ऐकायलाच आम्ही आतुर होतो. त्याने जमीन नीट सुकूसुद्धा दिली नाही, मारलं आणि गेला. पंधरा-वीस दिवस काकूंकडे थेंब पडला नाही, आम्ही सगळे खूश, आणि मग परत सुरू झालं, पहिल्यापेक्षा जास्त.

मग सोसायटीतल्याच एका काकांनी एका वयस्कर प्लंबरला पाठवलं आणि त्या माणसाने कुठलाही डबा न उघडता पहिल्यांदा बाथरूम कसं बांधलेलं असतं ते मला समजावलं. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्याला सगळे संक म्हणतात. त्या खड्ड्यात तळाला वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर पाइप, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर मसाला आणि सगळ्यात वर टाइल. खालच्या घराला वाचवतो तो तळाचा थर. टाइल आणि ग्राउट हे त्याचं झाकण आहे, त्यातून थोडंफार पाणी झिरपणार हे धरूनच खाली तो थर दिलेला असतो. झाकण चांगलं असेल तर तळाला काम कमी पडतं, पण तळच फुटला असेल तर झाकणाला कितीही केमिकल मारलं तरी तो सांधला जात नाही. आणि तो कोबा स्पंजसारखा असतो, भरपूर पाणी धरून ठेवतो, म्हणून वरचं पाणी बंद केलं तरी खाली काही आठवडे टपकत राहू शकतं आणि वरून नवीन पाणी सुरू झालं तरी खाली दिसायला वेळ लागतो. पहिल्या माणसाचं काम "यशस्वी" का वाटलं ते मला तेव्हा कळलं, त्या दिवसांत आम्ही केमिकल सुकायला म्हणून तिथे अंघोळच करत नव्हतो.

म्हणून सीलर विकत घ्यायच्या आधी पाणी कुठून जातंय ते शोधा, मी हे हात जोडून सांगते. त्याची पद्धत अगदी सोपी आहे, एका वेळी एकच गोष्ट भिजवायची. खाली आधी सांगून ठेवायचं आणि तिथे कुणीतरी बघायला हवं. बाथरूम दोन दिवस पूर्ण बंद ठेवूनही खाली जराही कमी न होता एकसारखं टपकत असेल तर संशय भिंतीतल्या पाण्याच्या लाइनवर, कारण तिच्यात टाकीचं पाणी चोवीस तास दाबाने उभं असतं, घराचा कॉक बंद करून फरक पडतो का बघायचं. तसं नसेल तर जमीन कोरडी ठेवून एका पाइपने थेट नहाणी ट्रॅपच्या (जमिनीवरचं पाणी जाळीतून जिथे जातं त्या भांड्याच्या) तोंडातच चार-पाच बादल्या सोडायच्या आणि काही तास थांबायचं, त्यात खाली ओल वाढली तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. तेही नाही झालं तर ट्रॅपच्या तोंडाला फडक्याचा बोळा आणि प्लास्टिक घट्ट बसवून जमिनीवर उंबऱ्याच्या खालपर्यंत इंचभर पाणी भरायचं, पातळीवर पेन्सिलने खूण करायची आणि २४ तास ठेवायचं. याला पाँड टेस्ट म्हणतात. आणि यातही काही नाही निघालं तर शेवटी फक्त भिंतीवर शॉवर सोडायचा. खाली आधीच धो-धो गळत असेल, किंवा छतात वायरिंग आणि लाइट असेल, तर ही पाणी भरायची टेस्ट स्वतःच्या जबाबदारीवर करू नका, माणूस बोलवा.

आमचं दुसऱ्याच पायरीवर निघालं. ट्रॅपच्या जाळीभोवती सिमेंट आणि प्लास्टिकचा पाइप यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. सिमेंट प्लास्टिकला कधी मनापासून धरत नाही, आणि गरम पाणी पडलं की प्लास्टिक फुगतं, गार झालं की आकसतं, हे वर्षानुवर्षं चाललं की फट पडतेच. ट्रॅपभोवतीचं दीड फूट फोडून ते नीट केलं, आणि मग, त्यानंतर, ग्राउटचा आणि सीलरचा नंबर लागला.

इथे कुणी विचारेल की मग ग्राउटचं एवढं कशाला, तर त्याचं कारण असं की रोज खाली जाणारं पाणी जितकं कमी तितका खालचा थर आणि कोबा जास्त वर्षं टिकतो, आणि कित्येक घरांत गळती खरोखरच जमिनीच्या उकरलेल्या रेघांमधून असते, तिथे रेघा खरवडून नीट भरल्या तर मोठा फरक पडतो. फक्त नुसतं वरून केमिकल मारून नाही.

सील करायची गरज आहे का हे बघायला पैसे लागत नाहीत. कोरड्या रेघेवर चमच्याने पाण्याचे दोन-चार थेंब टाकायचे आणि घड्याळ बघायचं. थेंब गोल उभा राहिला तर बरं आहे. थेंब बसला आणि मिनिट-दोन मिनिटांत रेघ गडद झाली तर ती पाणी पितेय. तीन-चार ठिकाणी करून बघा, नळाखाली, शॉवरखाली, दाराजवळ, कोपऱ्यात, सगळीकडे एकच उत्तर येत नाही. आणि हो, इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं, त्याबद्दल पुढे सांगते) असेल तर तिथे सीलर लागत नाही, ते ग्राउट मुळातच पाणी जवळजवळ पीत नाही, तिथे सीलर खपवणारा नको असलेली गोष्ट विकतोय.

आता प्रत्यक्ष काम. अर्ध्याहून जास्त काम सफाई आणि सुकवणं हेच आहे, सीलर मारणं हा तासा-दीड तासाचा शेवट. सफाई खायचा सोडा आणि पाणी यांची पेस्ट आणि मऊ नायलॉनचा ब्रश यांनी करायची, तारेचा ब्रश नको, तो रेघच उकरतो. काळं जात नसेल तर कपड्यांसाठी मिळतो तो ऑक्सिजनवाला ब्लीच कोमट पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवायचा.

ॲसिड मात्र नको. हे आपल्याकडे इतकं रुळलंय की महिन्यातून एकदा ॲसिड टाकल्याशिवाय बाथरूम स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही. टाकल्यावर रेघेवर जो फेस येतो, फुस्स आवाज येतो, तो मळ निघाल्याचा नाही, रेघ विरघळल्याचा आहे. सिमेंटमधला चुना आणि ॲसिड यांची गाठ पडली की त्यातून गॅस सुटतो, तेच ते बुडबुडे. मी जुन्या ग्राउटचा सुटलेला तुकडा वाटीत ठेवून त्यावर ॲसिड टाकून बघितलं, आधी फसफसला, मग कडा गोल झाल्या, आणि थोड्या वेळाने वाटीच्या तळाला नुसता गाळ उरला. तोच प्रकार आपण दर महिन्याला जमिनीत करतो. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुतेक वेळा तेच ॲसिड असतं, तो भांड्यासाठी आहे, जमिनीसाठी नाही. आणि ॲसिड आणि क्लोरीनवाला ब्लीच कधीही, चुकूनसुद्धा, एकत्र करू नका, एकामागोमागही नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. शहाबादी, कोटा किंवा मार्बल असेल तर ॲसिडच काय, लिंबू-व्हिनेगरसुद्धा नको, हे सगळे चुन्याचे दगड आहेत, डाग पडतो तो कायमचा. अशा दगडाला सीलर नुसता रेघेला नाही तर पूर्ण लादीला मारावा लागतो कारण दगड स्वतःच पाणी पितो.

सफाई झाली की रेघा तपासायच्या. जिथे भुसभुशीत आहे, चीर आहे, खड्डा आहे, तिथलं जुनं खरवडून काढायचं, निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत, त्यासाठी ग्राउट काढायची छोटी करवत मिळते. वरच्या वर नवीन फासलं तर ते पापुद्र्यासारखं निघतं, हा नियम सगळ्या ग्राउटला लागू आहे. याच वेळी प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करून बघा, भरीव आवाज आणि पोकळ आवाज लगेच वेगळा कळतो, पोकळ टाइल पायाखाली हलते आणि हलणाऱ्या टाइलच्या कडेचं ग्राउट कुठलंही असो, फुटणारच. ती टाइल आधी बसवून घ्यायची.

नवीन सिमेंट ग्राउट भरलं तर त्याला घट्ट व्हायला वेळ द्यायचा, किती ते डब्यावर लिहिलेलं असतं, साधारण तीन दिवस तरी. मग सुकवणं. पंखा लावून, खिडकी आणि एक्झॉस्ट चालू ठेवून, निदान एक-दोन दिवस एकही थेंब नाही. एकच बाथरूम असलेल्या घरात हे किती कठीण आहे ते मला माहितीये, आम्ही मुलाला आजोळी पाठवलं आणि आम्ही दोघं काकूंच्याच बाथरूममध्ये अंघोळीला गेलो, त्यांनीच आग्रह केला. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका, हवेतच इतकी ओल असते की रेघ आतून सुकत नाही, आणि ओल्या रेघेत सीलर शिरतच नाही कारण नळ्यांमध्ये आधीच पाणी बसलेलं असतं. दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत बरं.

सीलर मारताना अर्ध्या इंची रंगाचा ब्रश किंवा जुना टूथब्रश घ्यायचा, रेघेवर भरपूर लावायचा, पाच-दहा मिनिटं पिऊ द्यायचा आणि टाइलवर सांडलेला लगेच सुती फडक्याने पुसायचा. हे पुसणं फार महत्त्वाचं आहे, चकचकीत टाइल तो पीत नाही, मग तो तिच्यावरच सुकतो आणि ढगाळ चिकट डाग राहतो. मग डब्यावर सांगितलं असेल तसा दुसरा हात. कोपऱ्यातून सुरुवात करून दाराकडे यायचं. नंतर डब्यावर लिहिलंय तितका वेळ, बहुतेक वेळा पूर्ण एक दिवस, पाणी नाही.

शक्यतो वॉटर-बेस्ड घ्या. सॉल्व्हंटवाला घेतलात तर त्याची वाफ पेट घेते, आणि आपल्याकडे कितीतरी बाथरूममध्ये गॅस गीझर असतो जो नळ उघडला की ठिणगी टाकतो. गॅस गीझरचा कॉक बंद, सिलिंडर बंद, खिडकी उघडी, आणि नाकाला मास्क, याशिवाय ते काम करायचं नाही.

कोपऱ्यांचं वेगळं आहे आणि बहुतेक मिस्त्री इथेच चुकतात. जमीन आणि भिंत जिथे भेटतात, दोन भिंती जिथे भेटतात, कमोड आणि बेसिनची कड, इथे ग्राउट चालत नाही. दोन बाजू वेगवेगळ्या हलतात, अगदी केसभर, पण ग्राउट ताणलं जात नाही, तुटतं. इथे सिलिकॉन लागतं, रबरासारखं असतं, ताणलं जातं. सॅनिटरी लिहिलेलं घ्यायचं, त्यात बुरशी न धरणारं औषध असतं. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढायचं कारण सिलिकॉनवर सिलिकॉन चिकटत नाही, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मध्ये एकसारखी धार सोडायची, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकाच ओढीत सारखं करायचं आणि टेप ओलं असतानाच काढायची. आणि क्रम लक्षात ठेवा, कोपऱ्यात आधी सिलिकॉन, सुकल्यावर मग रेघांना सीलर, उलटं केलं तर सीलर लागलेल्या जागी सिलिकॉन धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दगडाला आणि आरशाला वापरू नका, त्याला न्यूट्रल मिळतं.

इपॉक्सीबद्दल थोडं, कारण हल्ली सगळे तेच सांगतात. त्यात रेझिन, हार्डनर आणि रंगीत पावडर असे वेगवेगळे भाग असतात, एकत्र केले की रासायनिक क्रिया होऊन दगडासारखं होतं, सिमेंट नाहीच त्यात. ग्राउटच्या आंतरराष्ट्रीय मानकात एक पाण्याची चाचणी आहे, तिच्यात साध्या सिमेंट ग्राउटच्या नमुन्याने चार तासांत १० ग्रॅमपर्यंत पाणी प्यायलेलं चालतं, पाणी कमी पिणाऱ्या सुधारित सिमेंट ग्राउटला ५ ग्रॅम, आणि इपॉक्सीच्या जातीला फक्त ०.१ ग्रॅम. एवढा फरक आहे. जमिनीसाठी आणि नळाखालच्या भिंतीसाठी मी आज इपॉक्सीच सांगेन, सीलर परत परत मारायची कटकट राहत नाही. पण कितीतरी महाग, आणि ते भरणारा हात सरावाचा पाहिजे, कालवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हातातलं संपवावं लागतं, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, आणि टाइलवर राहिलेला थर वेळेत पुसला नाही तर नंतर निघता निघत नाही. पाकीट अर्धं वापरायचं असेल तर अंदाजाने नाही, वजन करून. आणि मिस्त्रीच्या हातात ग्लव्ह्ज आहेत का बघा, नसले तर आणून द्या, हार्डनरमुळे कितीतरी कारागिरांच्या हातांना ॲलर्जी होते आणि ती आयुष्यभर राहते.

आम्ही जमिनीला इपॉक्सी केलं आणि भिंतीला सात फुटांपर्यंत सिमेंट ग्राउट दुरुस्त करून झिरपणारा सीलर, पैशाच्या हिशोबात तेच बसत होतं. खर्च सगळा आम्हीच केला, सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये हे स्पष्ट आहे की गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल किंवा बाहेरची सामाईक लाइन गळत असेल तर ते सोसायटीचं, पण फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट-सिंकमुळे होणारी गळती ही त्या सभासदाची. काकूंच्या छताला मात्र लगेच रंग लावला नाही, प्लंबरने सांगितलं होतं कोबा सुकू द्या, तर जवळजवळ दोन महिने काकू स्टुलावर चढून हात लावून बघायच्या आणि मला फोटो पाठवायच्या, डागाची कड पेन्सिलने आखून तारीख घातलेली. शेवटी तो आखलेल्या रेषेच्या आत-आत सरकत गेला आणि फेब्रुवारीत त्यांनी छताला रंग लावून घेतला.

सीलर किती टिकतो याला एक आकडा नाही, रोज किती पाणी, किती घासणं, कुठलं लिक्विड, यावर आहे. मी दर सहा महिन्यांनी चमचा घेऊन थेंब टाकून बघते. काल बघितलं, शॉवरच्या उंचीवर थेंब अजून मोत्यासारखा उभा राहतो आणि घरंगळतो, पण नळाच्या आजूबाजूच्या चार-पाच टाइल्सच्या रेघा मिनिटभरात गडद झाल्या. तेवढ्याच रेघांना परत हात मारायचा आहे, मुलाची परीक्षा संपून तो आजोळी गेला की, आणि काकूंना तशी कल्पना देऊन ठेवली आहे, त्या म्हणाल्या टॉवेल तेवढे वरून आणा.